प्रामाणिक जादूगार

१७ मार्च १९०४ चा दिवस. लंडन शहरातील हिप्पोड्रोम नावाचे भव्य नाट्यगृह प्रेक्षकांनी खचाखच भरून गेले होते. सुमारे चार हजार लोक आणि शंभरावर वार्ताहर रंगमंचावरील एका माणसाकडे टक लावून पाहत होते. तो माणूस ठेंगणा, पण अंगाने चांगला भक्कम होता. बर्मिंगहॅमच्या एका कुशल कारागिराने पाच वर्षे खपून तयार केलेली पोलादी हातकडी त्याच्या मनगटांत अडकवण्यात आली होती. ती उघडून दाखवण्याचे जाहीर आव्हान ‘डेली इलस्ट्रेटेड मिरर’ या वृत्तपत्राने त्याला दिले होते.

रंगमंचावर पडदे लावून एक छोटीशी खोली केलेली होती. तो तिच्यात शिरला आणि वाद्ये वाजू लागली. बऱ्याच वेळाने त्याने डोके बाहेर काढले. तो सुटला असे समजून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. परंतु तो केवळ उजेडात कुलूप नीट पाहण्यासाठी बाहेर आला होता. पुन्हा तो आत गेला. काही वेळाने घामाने निथळत तो बाहेर आला आणि अंगातील कोट काढता यावा म्हणून हातकडी क्षणभर काढावी, अशी त्याने विनंती केली. वृत्तपत्राच्या प्रतिनिधीने ती नाकारली. कारण हातकडी किल्लीने उघडताना तिचे मर्म त्याला दिसले असते. तेव्हा त्याने खिशातील चाकू कसाबसा काढून दातांनी उघडला, कोट डोक्यावरून उलटा ओढून घेतला आणि त्याच्या चिंध्या करून टाकल्या. लोकांनी आरोळ्या ठोकल्या. अखेर तासाहून अधिक वेळ गेल्यावर तो बाहेर आला, तेव्हा त्याचे दोन्ही हात मोकळे होते. आनंदाने बेभान झालेल्या प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर उचलून घेतले.

हा माणूस म्हणजेच जगप्रसिद्ध जादूगार हॅरी हुडिनी होय. हा सामना वृत्तपत्राशी संगनमत करून आधीच ठरवलेला असावा, अशी शंका पुढे काही अभ्यासकांनी व्यक्त केली. जादूगाराच्या बाबतीत अशी शंका यायचीच! कारण लोकांना चकवणे हाच त्याचा धंदा. पण लोकांना चकवण्यावर पोट भरणाऱ्या या माणसाने आयुष्याची अखेरची वर्षे लोकांची फसवणूक थांबवण्यासाठी वेचली. हे कसे घडले, ते समजण्यासाठी त्याचे चरित्र पाहिले पाहिजे.

हुडिनीचे मूळ नाव एरिक वाइस. २४ मार्च १८७४ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट शहरी एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. त्याचे वडील धर्मगुरू होते. एरिक चार वर्षांचा असताना हे कुटुंब अमेरिकेतील ॲपल्टन नावाच्या लहानशा गावी जाऊन राहिले. तेथे वडिलांना धर्मगुरूची नोकरी मिळाली होती. परंतु ती फार दिवस टिकली नाही. परका देश, परकी भाषा आणि घरात खाणारी तोंडे पुष्कळ! कुटुंबावर दारिद्र्याचे दिवस आले. एरिक लहानपणीच वर्तमानपत्रे विकू लागला, लोकांच्या बुटांना पॉलिश करू लागला. पुढे कुटुंब न्यूयॉर्कला आले, तेव्हा निरोप्याचे काम करून आणि नंतर गळपट्ट्यांच्या एका कारखान्यात कापड कापण्याचे काम करून तो घरखर्चाला हातभार लावीत असे. कामातून वेळ मिळाला की तो धावण्याचा आणि पोहण्याचा सराव करी. या सरावाने कमावलेली छाती आणि दमसास पुढे त्याच्या फार कामी आला.

याच सुमारास त्याच्या हाती एक पुस्तक पडले. ते रॉबेर-हूदँ या विख्यात फ्रेंच जादूगाराचे आत्मचरित्र होते. घड्याळजीचा व्यवसाय करणारा हा मनुष्य आपल्या बुद्धीच्या जोरावर युरोपातील अग्रगण्य जादूगार झाला होता. त्याची हकीकत वाचून एरिक भारावून गेला. हूदँच्या नावापुढे ‘ई’ जोडला की ‘हूदँसारखा’ असा अर्थ होतो, असे त्याला एका मित्राने सांगितले. झाले! एरिक वाइसचा ‘हुडिनी’ झाला. १८९२ साली वडील वारले. आईचा सांभाळ करण्याचे वचन त्याने मरणशय्येवरील पित्याला दिले होते. ते वचन आणि जादूचे वेड या दोन गोष्टी घेऊन तो जगात उतरला.

सुरुवातीची सात-आठ वर्षे मोठी हलाखीची गेली. प्रथम तो आपल्या भावाला बरोबर घेऊन खेळ करी. १८९४ मध्ये बेस नावाच्या तरुणीशी त्याचा विवाह झाला आणि ती त्याची खेळातील जोडीदारीण झाली. त्यांचा एक खेळ लोकांना विशेष आवडे. हुडिनीचे हात बांधून त्याला पोत्यात घालीत, ते पोते पेटाऱ्यात ठेवून पेटाऱ्याला कुलूप लावीत. बेस पेटाऱ्यापुढचा पडदा ओढून घेई, तीन टाळ्या वाजवी आणि तिसऱ्या टाळीबरोबर पडदा सरकून हुडिनी समोर उभा राही! पेटारा उघडावा, तो आत पोत्यात हात बांधलेली बेस! असे असूनही पैसा मात्र मिळेना. स्वस्त तिकिटांच्या करमणूकघरांतून एका दिवसात वीस-वीस खेळ करावे लागत. सर्कशीबरोबर गावोगाव हिंडावे लागे. १८९८ साली तर निराश होऊन त्याने आपले खेळ विकण्यासाठी त्यांची यादी छापली. पण तीही कोणी घेतली नाहीत.

या दिवसांतच त्याच्या हातून एक गोष्ट घडली. औषधे विकणाऱ्या एका फिरत्या मंडळीबरोबर तो कॅन्सस प्रांतात हिंडत होता. गल्ला वाढावा म्हणून त्याने मृतात्म्यांशी बोलण्याचे सोंग सुरू केले. आपल्याकडे ज्याला प्लँचेट म्हणतात, त्याच जातीचा हा प्रकार. गावच्या दफनभूमीतील दगडांवरची नावे वाचून ठेवावयाची, चार लोकांकडून घराघरांतील बातम्या काढावयाच्या आणि रात्री अंधाऱ्या सभागृहात त्याच बातम्या परलोकातून आल्याचे भासवावयाचे, अशी ही युक्ती होती. लोक थक्क होत, रडत, पैसे देत. ज्याचे मूल वारले आहे अशा मनुष्याच्या दुःखाशी आपण खेळतो आहोत, याची जाणीव तेव्हा त्या तरुणाला झाली नाही. पुढे ती झाली, आणि हा आपला अपराधच होता अशी कबुली त्याने स्वतःच्या पुस्तकात दिली.

१८९९ साली त्याचे दैव उघडले. मार्टिन बेक नावाच्या एका मोठ्या नाट्यव्यवस्थापकाने त्याचा खेळ पाहिला. पत्ते, रुमाल, कबुतरे असे किरकोळ खेळ सोडून देऊन केवळ हातकड्यांतून सुटण्याच्या खेळावर भर द्यावा, असा सल्ला त्याने दिला. हुडिनीने तो मानला आणि थोड्याच महिन्यांत अमेरिकेतील मोठमोठी नाट्यगृहे त्याला बोलावू लागली. १९०० साली तो इंग्लंडला गेला आणि पाहता पाहता सर्व युरोपात त्याचे नाव झाले. तो ज्या गावी जाई, तेथील पोलिसांनाच आव्हान देई. ‘तुमच्या बेड्या मला घाला, तुमच्या कोठडीत मला कोंडा!’ मॉस्को येथे १९०३ साली कैद्यांना सायबेरियात नेण्याच्या पत्र्याने मढवलेल्या गाडीतूनही तो बाहेर पडला. जर्मनीत कोलोन येथील एका पोलीस अधिकाऱ्याने त्याच्यावर फसवणुकीचा आरोप केला, तेव्हा हुडिनीने अब्रूनुकसानीची फिर्याद गुदरली, न्यायाधीशांसमोर साखळदंडातून सुटून दाखवले आणि १९०२ साली तो खटला जिंकला.

या यशामागे कोणतीही अद्भुत शक्ती नव्हती. होते ते ज्ञान आणि कष्ट. हुडिनीने कुलपांचा कसून अभ्यास केला होता. एका बनावटीच्या सर्व हातकड्यांना बहुधा एकच किल्ली लागते, काही हातकड्या योग्य ठिकाणी ठोका दिल्यास आपोआप उघडतात, अशी अनेक मर्मे त्याला ठाऊक होती आणि १९१० साली एका पुस्तकात त्याने ती छापूनही टाकली. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळात अनावर रुग्णांना लांब बाह्यांचा एक जाड अंगरखा घालीत. त्याच्या बाह्या छातीवरून वळवून पाठीमागे पट्ट्यांनी आवळीत. त्यातून सुटण्याची रीत अशी : बांधून घेताना बळकट हात वर ठेवावयाचा आणि अंग फुगवून धरावयाचे. अंग सैल सोडले की थोडी जागा मिळते. त्या जागेचा फायदा घेऊन हात डोक्यावरून पुढे आणावयाचा, मग पट्ट्या दातांनी सोडवावयाच्या. सांगावयास सोपे, पण उंच इमारतीवरून पायांनी उलटे टांगलेले असताना, खाली हजारो लोक पाहत असताना हे करणे किती कठीण! हुडिनी तेही करी. पाण्याखाली श्वास रोखण्याचा सराव करता यावा म्हणून त्याने घरात मोठा हौद बांधवला होता. थंडीची सवय व्हावी म्हणून त्या पाण्यात तो बर्फ टाकी.

१९०८ साली त्याने पाण्याने भरलेल्या, दूध वाहून नेण्याच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात स्वतःला कोंडून घेऊन बाहेर पडण्याचा खेळ आरंभला. १९१२ साली बर्लिनमध्ये त्याने ‘चिनी जलपेटी’चा खेळ दाखवला. काचेच्या दर्शनी बाजूच्या उंच पेटीत पाणी भरून, पाय वरच्या झाकणात अडकवून, त्याला उलटे आत सोडीत व झाकणाला कुलपे लावीत. एक-दोन मिनिटांचा तो काळ प्रेक्षकांना युगासारखा वाटे. १९१० साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ त्याने विमान उडवले. त्या खंडातील अगदी पहिल्या विमानोड्डाणांत त्याची गणना होते. १९१८ साली न्यूयॉर्कच्या रंगमंचावरून त्याने एक सबंध हत्ती नाहीसा करून दाखवला!

हुडिनी सर्वगुणसंपन्न मात्र नव्हता. त्याला आपल्या कीर्तीचा गर्व होता. ज्या हूदँचे नाव त्याने घेतले, त्याच्याच उणिवा दाखवण्यासाठी त्याने पुढे एक कडवट पुस्तक लिहिले. परंतु आईवर त्याचे प्रेम निस्सीम होते. एकदा त्याने आपला पगार सोन्याच्या नाण्यांत मागून घेतला आणि ती सारी नाणी आईच्या पदरात ओतली, असे सांगतात. वडिलांना दिलेले वचन अशा रीतीने फेडताना त्याला धन्यता वाटली. जुलै १९१३ मध्ये तो कोपनहेगन येथे असताना आई वारल्याची तार आली. तार वाचताच तो मूर्च्छित होऊन पडला. पुढचे कार्यक्रम रद्द करून तो परतला. त्याला अखेरचे दर्शन मिळावे म्हणून भावाने दफनविधी थांबवून ठेवला होता. या दुःखातून तो कधीच पुरता सावरला नाही.

पुढल्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. लक्षावधी तरुण मेले. घरोघरच्या आईबापांना वाटे, एकदा तरी आपल्या मुलाचा शब्द कानी पडावा. या आशेवर जगणारे ‘माध्यम’ म्हणवणारे लोक इंग्लंड-अमेरिकेत जागोजागी उभे राहिले. अंधारात टेबले हलू लागली, घंटा वाजू लागल्या, मृतांची पत्रे येऊ लागली. शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे सर आर्थर कॉनन डॉइल यांच्यासारखा बुद्धिमान लेखकही या विद्येचा निःसीम पुरस्कर्ता झाला. त्यांचा मुलगा १९१८ साली वारला होता. १९२० मध्ये हुडिनीची आणि त्यांची ओळख झाली व दोघांचे चांगले सख्य जमले.

१७ जून १९२२ रोजी अटलांटिक सिटी येथे डॉइलपत्नींनी हुडिनीसाठी बैठक घेतली. त्यांच्या हातून आपोआप लेखन होते, असा त्या उभयतांचा प्रामाणिक विश्वास होता. पडदे ओढून घेतले गेले. हुडिनी डोळे मिटून बसला. आईचा एखादा तरी शब्द यावा, असे त्याला मनापासून वाटत होते. डॉइलपत्नींची पेन्सिल भराभर चालू लागली आणि पानांमागून पाने भरली. पत्र प्रेमळ होते. पण ते वाचून हुडिनीचे मन खिन्न झाले. पत्राच्या माथ्यावर ख्रिस्ती क्रूस काढलेला होता. आई तर ज्यू धर्मगुरूची पत्नी! पत्र शुद्ध इंग्रजीत होते. आईला ती भाषा धड येत नव्हती. शिवाय तो दिवस आईचा वाढदिवस होता आणि पत्रात त्याचा उल्लेखही नव्हता, असे हुडिनीने पुढे लिहिले आहे.

येथे त्याची खरी कसोटी होती. ते पत्र खरे मानले असते, तर मनाला दिलासा मिळाला असता आणि एका थोर लेखकाची मैत्रीही टिकली असती. परंतु जे पटले नाही ते पटले असे म्हणणे त्याला जमले नाही. हे पत्र आपल्या आईचे नव्हे, असे त्याने जाहीरपणे सांगितले. डॉइल दुखावले आणि मैत्री तुटली. डॉइल दांपत्याने जाणूनबुजून फसवले, असे मात्र हुडिनीला वाटले नाही. ती माणसे सज्जन, पण भ्रमात आहेत, असे त्याचे मत होते.

तेव्हापासून हुडिनीने भोंदू माध्यमांविरुद्ध मोहीम उघडली. चोराची वाट चोरालाच ठाऊक, म्हणतात. ज्या युक्त्या त्याने तरुणपणी केल्या होत्या, त्या ओळखणे त्याला सोपे होते. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकाने खरीखुरी दैवी शक्ती सिद्ध करून दाखवणाऱ्यास बक्षीस जाहीर केले होते. हुडिनी त्याच्या परीक्षक मंडळावर होता. १९२४ मध्ये बॉस्टनच्या ‘मार्जरी’ नावाने प्रसिद्ध असलेल्या बाईची परीक्षा घ्यावयाची होती. त्या दिवशी हुडिनीने पायाला दिवसभर घट्ट पट्टी बांधून ठेवली. त्यामुळे कातडी इतकी हळवी झाली की नुसता स्पर्शही जाणवावा. रात्री अंधारात पायाशी पाय लावून बसला असता घंटा वाजण्यापूर्वी त्या बाईचा पाय हळूच सरकल्याचे त्याला समजले, असे त्याने नमूद केले आहे. बक्षीस अर्थातच तिला मिळाले नाही. हुडिनी वेषांतर करून बैठकींना जाई. रोझ मॅकेनबर्ग नावाची धाडसी स्त्री आधी गावोगाव जाऊन त्याच्यासाठी माहिती गोळा करी. १९२६ साली त्याने अमेरिकेच्या लोकसभेच्या समितीपुढे साक्ष दिली आणि पैसे घेऊन भविष्य सांगणाऱ्यांना आळा घालणारा कायदा करावा, अशी मागणी केली. तो कायदा झाला नाही. तरी असंख्य लोकांचे डोळे उघडले.

त्याच वर्षी रहमान बे नावाचा एक खेळ करणारा न्यूयॉर्कला आला. बंद पेटीत पाण्याखाली तो तासभर राहिला आणि हे आपण समाधीच्या सामर्थ्याने केले असे त्याने सांगितले. त्या वेळी हुडिनी बावन्न वर्षांचा होता. ५ ऑगस्ट १९२६ रोजी तो तशाच पेटीत बसून पाण्याखाली दीड तास राहिला. बाहेर येऊन त्याने सांगितले, की यात समाधी वगैरे काही नाही. मन शांत ठेवावे, हालचाल करू नये, श्वास उथळ घ्यावा, म्हणजे थोडी हवा पुष्कळ पुरते. खाणीत गाडल्या गेलेल्या मजुरांना हे ज्ञान उपयोगी पडेल या हेतूने त्याने आपला अनुभव सरकारी खाणखात्याच्या डॉक्टरांना कळवला.

पुढे ऑक्टोबर महिन्यात माँट्रियल येथे एका विद्यार्थ्याने त्याच्या पोटावर अचानक ठोसे मारले. हुडिनी आघात सहन करू शकतो, याची त्याला परीक्षा पाहावयाची होती. त्यानंतर पोटात असह्य वेदना होऊ लागल्या. अंगात फणफणून ताप असतानाही डेट्रॉइट येथे त्याने खेळ केला आणि मगच तो इस्पितळात गेला. आंत्रपुच्छ फुटून विष पोटात पसरले होते. शस्त्रक्रियेचा उपयोग झाला नाही. ३१ ऑक्टोबर १९२६ रोजी त्याने देह ठेवला. आयुष्यभर जमवलेली जादूविषयीची सुमारे ४,००० पुस्तके त्याने अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिली.

मृत्यूनंतर खरोखर काही उरत असेल, तर मी तुला संकेत पाठवीन, असे त्याने बेसला सांगून ठेवले होते. बेस दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनी वाट पाही. १९३६ च्या ३१ ऑक्टोबरला दहा वर्षे पूर्ण झाली. त्या रात्री हॉलीवूड येथील एका हॉटेलच्या गच्चीवर अखेरची बैठक झाली. हुडिनीला पुन्हा पुन्हा हाका मारण्यात आल्या. उत्तर आले नाही. तेव्हा त्याच्या तसबिरीजवळ तेवत असलेला दिवा बेसने आपल्या हाताने मालवला. पतीवर तिचे प्रेम होते. म्हणूनच त्याच्या नावाने खोटे उत्तर तिने मानून घेतले नाही.

जादूगार रंगमंचावर चढताना सांगतो, की ‘मी तुम्हांला चकवणार आहे’. प्रेक्षक हसत हसत चकतात आणि आनंदाने घरी जातात. भोंदू मनुष्य तीच हातचलाखी करतो; पण तिला चमत्कार म्हणतो आणि दुःखी माणसाची आशा लुटतो. हा भेद हुडिनीने स्वतःच्या चुकीतून ओळखला आणि एकदा ओळखल्यावर स्वतःच्या आईच्या बाबतीतही तो पाळला.

स्वाध्याय

१. हिप्पोड्रोममध्ये हुडिनीने अंगातील कोट कापून का काढला?
२. ‘हुडिनी’ हे नाव कसे तयार झाले?
३. हुडिनीच्या यशाची कारणे पाठाच्या आधारे लिहा.
४. आईचे म्हणून आलेले पत्र हुडिनीने खरे का मानले नाही? ते खरे मानले असते, तर त्याचा कोणता लाभ झाला असता?
५. ‘चोराची वाट चोरालाच ठाऊक’ ही म्हण हुडिनीला कशी लागू पडते?
६. जादूगार आणि भोंदू यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.
७. वाक्यांत उपयोग करा : टक लावून पाहणे, हातभार लावणे, डोळे उघडणे, आळा घालणे.